आमच्या पोलिसपटातल्या बंदुका: कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

संहिता हातात आली. कथा दोन काळात आहे, एक १९९६ आणि एक आजचा, दोन्हीकडे जळगाव जिल्हा. बंदुकांचं डिपार्टमेंट माझ्याकडे. मुंबईहून भाड्याने मागवायचा विचार होता पण रोजचं भाडं, वर डिपॉझिट, वर त्यांचा माणूस सोबत येणार त्याचं राहणं खाणं, ते सगळं जोडलं तर आमचं अर्धं बजेट तिथेच संपतं. म्हणून ठरलं की इथेच बनवायच्या. नोंदी यासाठी ठेवतोय की धुळे, नंदुरबार, मालेगावकडे बरीच पोरं फिल्म बनवतात आणि सगळ्यांच्या पिक्चरमध्ये तीच एक काळी प्लॅस्टिकची पिस्तूल फिरते, डीवायएसपीच्या हातातही तीच आणि गुंडाच्या हातातही तीच. माझं म्हणणं एकच आहे, बंदूक त्या माणसाची वाटली पाहिजे. त्याला ती कुठून मिळाली असेल हे आधी ठरवायचं आणि मग करवत हातात घ्यायची.

नियम पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावला: ज्यातून काहीही बाहेर उडू शकतं अशी एकही वस्तू सेटवर येणार नाही. एअरगन नाही, ब्लँक (गोळी नसलेलं, नुसता बार होणारं काडतूस) नाही, छर्रा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत शूटिंगच्या सेटवर रिव्हॉल्व्हरमध्ये खरं काडतूस निघालं आणि कॅमेरा सांभाळणारी बाई गेली. त्याआधी १९९३ मध्ये ब्रँडन ली गेला, तिथे तर डमी काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलेलं आणि मागून ब्लँक मारला. एवढ्या मोठ्या युनिटमध्ये हे होतं तर आमच्यासारख्या पाचपंचवीस जणांच्या टीमने त्या वाटेला जायचंच नाही.

२१ जानेवारी

आज पूर्ण दिवस वरणगावला. मित्राचे काका तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. वरणगावला बंदुका बनत नाहीत, गोळ्या बनतात, हे आपल्याच जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. काकांनी फॅक्टरीतलं काही सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, पण संहिता मात्र ओळ न ओळ वाचली आणि पेन्सिलीने खुणा करून दिली. त्यातल्या मोठ्या चुका:

१९९६ च्या कॉन्स्टेबलच्या हातात इन्सास रायफल लिहिलेली. इन्सास मुळात सैन्यातच नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली, मग तालुक्याच्या ठाण्यात कुठून असणार. तिथे थ्री नॉट थ्री (.३०३ ची रायफल), ईशापूरच्या कारखान्याची, दहा गोळ्यांचं मॅगझिन, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट म्हणजे बाजूची दांडी हाताने मागेपुढे. नाहीतर .४१० मस्केट, जी दिसायला तशीच पण एकावेळी एकच काडतूस घेते. २००८ ला सीएसटीवर हल्ला झाला तेव्हाही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होत्या, आणि आपण १९९६ च्या चोपडा तालुक्यात इन्सास दाखवत होतो.

दुसरं, फौजदार रिव्हॉल्व्हर झाडतो आणि नंतरच्या पंचनाम्यात तो उभा होता तिथे सहा पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं) सापडतात. रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकतच नाही, चेंबरमध्येच राहते. अख्खा तपास त्या पुंगळ्यांवर उभा होता. दिग्दर्शकाला फोन केला, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला उद्या बसू.

२८ जानेवारी

बसलो. यादी पक्की केली.

हवालदार (१९९६): थ्री नॉट थ्री. तरुण फौजदार (१९९६): .३८ रिव्हॉल्व्हर, इंग्रज कंपनी वेब्लीच्या धाटणीची, जी वरून मोडते म्हणजे नळी खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. (कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर पण अशीच वरून मोडते. पिक्चरमध्ये जे चक्र बाजूला बाहेर येतं ते अमेरिकन बनावटीचं.) तोच फौजदार आता पीआय: ९ एमएम, ईशापूरची, तेरा गोळ्या. एलसीबीचा (स्थानिक गुन्हे शाखेचा) साध्या कपड्यातला पोरगा: ग्लॉक १७ पिस्तूल. धुळ्याहून आलेले एसआरपीवाले (राज्य राखीव पोलीस): एक इन्सास, एक एसएलआर रायफल. केळीवाला म्हातारा शेतकरी: लायसनची बारा बोअर दुनळी, पीक संरक्षणाची, रानडुकरांसाठी. आणि खलनायक: गावठी कट्टा.

खलनायकाला एके-४७ लिहिली होती ती काढली. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीच्या बाजूने येणारे कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण दर महिन्याला वाचतो, आपल्या प्रेक्षकाला एके-४७ दाखवली तर त्याचा विश्वास पहिल्याच सीनला उडेल.

४ फेब्रुवारी

थ्री नॉट थ्री सुरू. लांबी ११३ सेंटीमीटरच्या आसपास. पहिला प्रयत्न एमडीएफचा म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचा, दोन फळ्या चिकटवून जिगसॉने कापल्या. दिसायला बरी पण एमडीएफच्या कडा पाणी ओढतात, प्रायमर मारला की कडा फुगून केसाळ होतात, आणि दस्त्याच्या जवळ जिथे लाकूड बारीक होतं तिथे तुकडाच पडला. शिवाय वजन नाही. सुतारदादा अमळनेरचे, त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, "दखाले बरी शे, पन हातमा हलकी लागस." खरी चार किलोच्या घरात जाते. ती खांद्याला लावून चालणाऱ्या माणसाचा एक खांदा आपोआप खाली येतो, हा खांदा कितीही अॅक्टिंग केली तरी खोटा येत नाही.

एमडीएफ सोडलं. दादांकडे जुन्या वाड्याच्या चौकटीचा साग पडला होता, त्यातून काढायचं ठरलं.
खर्च: एमडीएफ, गोंद, ब्लेड ६५० रु., सगळे वाया.

१८ फेब्रुवारी

सागाचा दस्ता तयार, मजुरी १८०० रु., लाकूड दादांनी तसंच दिलं. नळीला ठिबकची २० एमएमची लॅटरल वापरली कारण शेतात ढीग पडलाय, आणि हे सगळ्यांना सांगतो की लॅटरल वापरू नका. ते पॉलिथिन असतं, त्याच्यावर रंग धरतच नाही, दोन दिवसात नखाने साल निघावी तसा निघाला, वर उन्हात वाकते. पीव्हीसीचा कडक पाइप घ्या, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर, मग मॅट काळा. आत लाकडी दांडा ठोकून पूर्ण बुजवला, तोंडाशी फक्त दोन सेंटीमीटर खोल भोक दिसायला ठेवलं.

रंग वाळल्यावर शिसपेन्सिलीची पूड बोटाने कडांवर चोळली. या एका गोष्टीने प्लॅस्टिकचं लोखंड झालं. खर्च दहा रुपये. वर हलक्या हाताने मॅट क्लिअर कोट मारा नाहीतर नटाच्या तळव्याला आणि मग गणवेशाला काळं लागतं.

बोल्टसाठी दरवाज्याचा मोठा लोखंडी टॉवर बोल्ट, दांडी कापून मागे वळवून वेल्ड केली आणि टोकाला गोल गुंडी. मागेपुढे होतो, आवाजही भरदार येतो.

२५ फेब्रुवारी

जुन्या रायफलींच्या लाकडाला जवसाचं तेल लावायचे, काकांनीच सांगितलेलं. जवस आपल्याकडे मिळतो म्हणून घाण्यावरून कच्चं तेल आणलं आणि भरपूर लावलं. आठवडा झाला तरी चिकट. कच्चं जवसाचं तेल फार हळू वाळतं आणि जाड थर तर वाळतच नाही, वर आम्ही रायफल ठेवली जिनिंगच्या शेडमध्ये, सगळा कापसाचा तूस त्याच्यावर बसला. टर्पेंटाइनने पुसून परत घासलं. आता हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड, कापडाने एकदम पातळ हात, अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने पुसायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. रंग असा आला की दादा स्वतः बघायला आले.

तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, त्यांची उष्णता साठून आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मग फेका. कापसाच्या शेडमध्ये तर हे डोक्यात पक्कं पाहिजे.

३ मार्च

पिस्तुलं. जळगावला थ्रीडी प्रिंट करणारा पोरगा आहे, त्याच्याकडून भरीव मॉडेल काढली, आत कुठलाच भाग हलत नाही. प्रत्येकाच्या दोन कॉपी: एक स्लाइड (वरचा सरकणारा भाग) बंद, एक स्लाइड मागे अडकलेली. गोळ्या संपल्या की पिस्तुलाची स्लाइड मागेच राहते, आणि कटमध्ये दुसरी कॉपी हातात दिली की झालं, मेकॅनिझमची गरजच नाही. एका कॉपीला ९०० रु.

प्रिंटच्या रेघा घालवायला सर्वात जास्त वेळ गेला. पुट्टी, घासणं, प्रायमर, परत घासणं. घाई केलेली कॉपी क्लोजअपला चालत नाही, ती लांबच्या सीनला ठेवली.

वजन: खरी ग्लॉक भरलेली असली की ९०० ग्रॅमच्या जवळपास, आमची हातात कागदासारखी. तापीवरच्या मासेमारी करणाऱ्यांकडून जाळ्याचं शिसं घेतलं, दस्त्यात इपॉक्सीने बसवलं. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा, घरातल्या भांड्यात शिसं वितळवायच्या भानगडीत पडू नका, मणी तसेच भरता येतात.

नटांसोबत पहिली प्रॅक्टिस. एलसीबीवाल्या पोराने ग्लॉक काढली आणि अंगठ्याने मागचा घोडा (हॅमर) ओढायची अॅक्शन केली. ग्लॉकला बाहेर घोडाच नसतो, सेफ्टीची खिट्टीही बाहेर नसते, ती चापातच (ट्रिगरमध्येच) असते. तोच घोडा पीआयच्या ९ एमएमला आहे आणि पहिल्या गोळीआधी तो ओढलेलाच लागतो. म्हणून तो शॉट पीआयला दिला. वयस्कर अधिकारी, सावकाश अंगठा, बारीक टक. तरुण पोरगा तोपर्यंत रोखून उभा. दोन माणसांतला वीस वर्षांचा फरक एका अंगठ्यात दिसतो, आणि हे लिहिताना पण मला भारी वाटतंय.

१० मार्च

कट्टा. बनवायला सगळ्यात सोपा आणि वाद सगळ्यात मोठा. लाकडी मूठ, पीव्हीसीचा बुजवलेला तुकडा, पत्र्याच्या पट्ट्या, वेल्डिंगचे ओबडधोबड डाग एम-सीलने उठवले, गंजासाठी गेरू आणि चहाचं पाणी. २०० रुपयांत झाला.

वाद असा की संहितेत खलनायक केळीच्या बागेत पाठोपाठ सहा गोळ्या झाडतो. एकनळी कट्ट्यात एक काडतूस बसतं. झाडलं की उघडा, गरम पुंगळी नखाने ओढून काढा, दुसरं घाला, बंद करा, आणि एवढ्या वेळात समोरचा जवळ येतो. दिग्दर्शक म्हणे प्रेक्षक मोजत नाही. मी म्हटलं आपला प्रेक्षक मोजतो भो, आणि नसेल मोजत तरी आपण सीन वाया घालवतोय. रात्री दोघांनी बागेत जाऊन करून पाहिलं. मी पाटाच्या कडेला बसून पुंगळी काढतोय, बोटं थरथरतात, काडतूस चिखलात पडतं, आणि पलीकडे केळीची वाळलेली पानं चुरचुरताना ऐकू येतात, म्हणजे कोणीतरी येतंय. त्याने तिथेच मोबाइलमध्ये सीन नवा लिहिला. आता त्या सीनमध्ये एकच गोळी सुटते.

काडतुसं जळगाव एमआयडीसीत लेथवर पितळी दांड्यातून, पूर्ण भरीव, प्रत्येकाला आडवं भोक पाडलेलं, म्हणजे कोणीही उचललं तरी डमी आहे हे लगेच कळावं. खऱ्या रिकाम्या पुंगळ्या कोणी देतो म्हटलं तरी घेऊ नका. झडतीत सापडल्या तर खुलासा करत बसाल. ९ एमएमची पुंगळी १९ मिलिमीटरची, एसएलआरची ५१ ची, दोन्ही शेजारी ठेवली की फरक समजतो. एसएलआरच्या पुंगळीच्या बुडावर ओएफव्ही कोरून घेतलं, ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगावची खूण. काकांच्या हातात दिली तेव्हा चष्मा काढून बराच वेळ बघत बसले.

१७ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. परवानगीसाठी अर्ज तयार होता तो तसाच राहिला. नाक्यानाक्यावर तपासणी पथकं बसणार, लायसनची हत्यारं जमा करायचे आदेश निघतात, आणि आपण डिक्कीत सात बंदुका घेऊन फिरायचं? सगळं काम एका जागी बंद केलं. दुनळीसाठी ज्या शेतकरी बाबांची खरी बंदूक बघून मापं घेणार होतो त्यांची पण ठाण्यात जमा झाली, आधीच फोटो काढले होते म्हणून वाचलो. तुमच्या शूटिंगच्या तारखा ठरवताना निवडणुकीचं कॅलेंडर बघा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सगळंच.

२१ एप्रिल

नुकसान. पिस्तुलांची पेटी दुपारभर बंद गाडीत राहिली. भुसावळच्या बाजूचं ऊन, काचा बंद. ग्लॉकची नळी खाली वाकली, मागे अडकलेल्या स्लाइडवाली कॉपी तर आडवी पसरली. प्रिंट पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचं होतं, ते ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड आपल्याकडे त्याच्या वर जातो. हॉट ग्लूने चिकटवलेले सगळे बारीक भाग पण सुटले. खानदेशात उन्हाळ्यात शूटिंग असेल तर पीएलए आणि हॉट ग्लू दोन्ही विसरा. एबीएस किंवा निदान पीईटीजी, आणि चिकटवायला इपॉक्सी. परत काढायला ४२०० रु. आणि मधले दोन आठवडे गेले, कारण घासणं परत पहिल्यापासून.

१५ मे

परवा जळगाव, रावेरचं मतदान झालं. ठाण्यात अर्ज दिला. सोबत प्रत्येक बंदुकीचा फोटो, कशाची बनवलीय ते, आणि एक कापलेली खराब कॉपी आतून भरीव दाखवायला. ती कापलेली कॉपी सर्वात उपयोगी पडली, साहेबांनी हातात घेतली आणि बाकी प्रश्न तिथेच मिटले. अटी: फक्त खाजगी जागेत, नेआण कुलूपबंद पेटीत, नळीच्या तोंडाला नारिंगी टेप आणि ती शॉटच्या आधी काढायची, हिशोबाला एकच जबाबदार माणूस, गेटवर शूटिंग चालू आहे असा बोर्ड. गणवेशातल्या नटांनी सेटबाहेर चहाला पण जायचं नाही.

साहेबांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, लॅनयार्ड. दस्त्याच्या कडीपासून निघालेली दोरी. ही दोरी आमच्या एकाही पिस्तुलाला नव्हती. त्याच संध्याकाळी कड्या बसवल्या.

१९ मे

जिनिंगमध्ये रात्रीचं शूटिंग. नळीचा जाळ नंतर कॉम्प्युटरवर टाकणार, पण चेहऱ्यावर उजेड सेटवरच पाहिजे म्हणून कॅमेऱ्याचा फ्लॅश खालून मारला. फुटेज बघितलं तर अर्धी फ्रेम उजळ, अर्धी काळी. आमचा कॅमेरा फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि क्षणभराचा फ्लॅश त्यातल्या थोड्याच ओळींत येतो. फ्लॅश काढून एलईडी पॅनल घेतलं, बटण एका माणसाच्या हातात, एक-दोन फ्रेमपुरतं चालू-बंद. रात्रीचे पहिले तीन तास त्यात गेले. दिवसाच्या सीनला जाळ टाकणारच नाही, पिस्तुलाचा जाळ दुपारच्या उन्हात दिसतोच किती.

२६ मे

कालपासून उन्हामुळे जिल्ह्यात १४४ लावलंय, कामगारांकडून भर दुपारी उन्हात काम करून घ्यायचं नाही. आमचं बागेतलं काम पहाटे आणि संध्याकाळीच ठेवलं.

संध्याकाळी इन्सास आणि एसएलआर घेऊन चौघे बांधावर उभे होते. बोर्ड गेटवर होता पण मागच्या शिवारातून येणाऱ्याला तो दिसत नाही. कोणीतरी ११२ ला फोन केला. गाडी आली, त्याआधी गावातले दहाबारा जण काठ्या घेऊन आले, "कोन शेतस रे तुम्ही?" सगळ्यांनी बंदुका जमिनीवर ठेवल्या, हात मोकळे, मी परवानगीचं पत्र घेऊन पुढे. पाच मिनिटात मिटलं, पण ती पाच मिनिटं कोणालाही येऊ नयेत. बोर्ड चारही बांधांना लावा, आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलांना सांगा, शेजारच्या शेतांत स्वतः जाऊन सांगा. आणि नटांना पहिल्या दिवशीच शिकवा: कोणी विचारलं की आधी बंदूक खाली, मग तोंड उघडायचं.

२ जून

आवाज. सुतळी बॉम्ब जिनिंगच्या आसपास फोडायचा प्रश्नच नाही, कापूस आहे. बागेत फोडला तर केळीची पानं आवाज पिऊन टाकतात, नुसता ठप्प येतो. शेवटी नदीच्या कोरड्या पात्रात रेकॉर्ड केले, मोकळं पात्र आणि समोर उंच दरड, थ्री नॉट थ्रीला हवी तशी लांब जाणारी कडाड मिळाली. बागेतला तो ठप्प फेकला नाही, कट्ट्याला तोच लावला. बोल्टचा आवाज मात्र टॉवर बोल्टचाच ठेवला.

९ जून

हिशोब: सगळ्या बंदुका, डमी काडतुसं, होल्स्टर, पट्टे धरून २३,४०० रु., त्यातले सात हजारांच्या आसपास वाया गेलेल्या मालाचे. सर्वात जास्त पैसे वसूल झाले ते सागाच्या रायफलीत, सर्वात कमी इन्सासमध्ये. तिचं मॅगझिन आरपार दिसतं, आतल्या गोळ्या दिसल्या पाहिजेत, म्हणून अॅक्रिलिक वाकवलं तर नीट गरम न झालेल्या जागी तडे गेले. लांबून चालतंय. एसआरपीचा एक क्लोजअप राहिलाय, त्याच्यासाठी साइनबोर्डवाल्याकडे हीट गन घेऊन परत बसायचंय. पेटीची किल्ली माझ्याकडे, यादीची एक प्रत ठाण्यात, एक दिग्दर्शकाकडे. कोणाला दस्त्याचा पुठ्ठ्याचा साचा हवा असेल तर देईन, रायफल मात्र भाड्याने देणार नाही, ती जिथे जाईल तिथे मी सोबत येईन.